डॉक्सिसायक्लिन: पुरानंतर हातात येणारी ही गोळी कधी जीव वाचवते आणि कधी अंगलट येते?

हुपरीची ओळख चांदीची. इथल्या कारागिरांनी घडवलेले पैंजण, करदोडे आणि जोडवी देशभर जातात. पण गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस दिसतो. उत्तरेला पंचगंगा, दक्षिणेला दूधगंगा आणि हुपरी-यळगूडचा जवाहर साखर कारखाना. चांदीइतकंच हे गाव उसाचं आणि दुभत्या जनावरांचंही आहे.

पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी गाठली की या सगळ्या पट्ट्यात धाकधूक सुरू होते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये तर महापूरच आला. पाणी ओसरतं, पण चिखल राहतो. त्या चिखलातून चालणाऱ्यांसाठी आरोग्य यंत्रणा ज्या गोळ्या सोबत ठेवते, त्यातली एक म्हणजे डॉक्सिसायक्लिन.

हीच गोळी एरवी मुरुमांवर, छातीतल्या संसर्गावर आणि इतर अनेक आजारांवर दिली जाते. म्हणूनच ती बऱ्याच घरांत उरलेली असते. कुणाला ताप आला की डब्यातली पट्टी बाहेर निघते आणि 'मागच्या वेळी हिनेच बरं वाटलं होतं' म्हणत गोळी तोंडात जाते. गडबड इथूनच सुरू होते.

थोडक्यात

- डॉक्सिसायक्लिन जिवाणूंवर चालतं. डेंग्यू, चिकुनगुनिया, सर्दी, फ्लू यांसारख्या विषाणूजन्य आजारांवर त्याचा उपयोग नाही.
- लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस या आजारांत ते वेळेवर मिळालं तर जीव वाचू शकतो.
- ते दूध, लोहाच्या गोळ्या किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेतलं तर परिणाम कमी होतो.
- गर्भवती, आठ वर्षांखालील मुलं आणि काही विशिष्ट औषधं घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये.

डॉक्सिसायक्लिन म्हणजे नक्की काय?

हे 'टेट्रासायक्लिन' नावाच्या कुटुंबातलं अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक आहे. या कुटुंबातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून जगासमोर आलं. बेंजामिन डग्गर यांनी ते मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळवलं. तेव्हा लेडर्लीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचा जन्म आंध्रातल्या भीमावरमचा.

या कुटुंबातली सुरुवातीची औषधं दिवसातून चार-चार वेळा घ्यावी लागायची. नंतर फायझर कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या रेणूत बदल करून डॉक्सिसायक्लिन तयार केलं आणि १९६७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे दिवसातून एक किंवा दोन वेळाच घ्यावं लागतं. शिवाय त्याचा बराचसा भाग आतड्यांवाटे बाहेर पडतो. म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनाही डॉक्टर ते देऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्या, अशा दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत डॉक्सिसायक्लिन आहे. संघटनेने अँटिबायोटिक्सचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटातली औषधं गरज असेल तिथे आधी वापरायची. दुसऱ्या गटातली जपून वापरायची. तिसऱ्या गटातली अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची. डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात येतं. आपल्याकडे सर्रास घेतलं जाणारं ॲझिथ्रोमायसिन मात्र दुसऱ्या गटात आहे.

ते जंतूंवर कसं काम करतं?

जिवाणूला जगायला आणि वाढायला प्रथिनं लागतात. ही प्रथिनं तयार करणारा एक छोटा कारखाना त्याच्या आत असतो. त्याला रायबोसोम म्हणतात. डॉक्सिसायक्लिन या रायबोसोमला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. जिवाणू लगेच मरतो असं नाही, पण त्याची वाढ थांबते. उरलेलं काम आपली रोगप्रतिकारशक्ती करते.

विषाणूकडे स्वतःचा असा कारखानाच नसतो. तो आपल्या पेशींचा वापर करून वाढतो. त्यामुळे विषाणूमुळे आलेल्या तापात ही गोळी घेतली तरी तिला काम करायला जागाच नसते. दुष्परिणाम मात्र होऊ शकतात.

उसाच्या पट्ट्यात या गोळीला एवढं महत्त्व का?

याचं उत्तर लेप्टोस्पायरोसिस या आजारात आहे. लोक त्याला नुसतं 'लेप्टो' म्हणतात. लेप्टोस्पायरा नावाचे मळसूत्रासारखे वळलेले जिवाणू उंदीर, घुशी, गाई-म्हशी, कुत्री आणि डुकरं यांच्या मूत्रातून बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तग धरतात. माणसाच्या त्वचेवरच्या जखमेतून, ओरखड्यातून किंवा डोळे, नाक आणि तोंडाच्या नाजूक त्वचेतून ते शरीरात शिरतात.

आता ऊसशेतीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. दाट उसात उंदरांना लपायला जागा आणि खायला गोड कांडी. पाणी दिलेली ओली जमीन. उसाच्या पातीने हातापायांवर झालेले बारीक काप. घरी आल्यावर गोठ्यातलं शेण-मूत काढणं. पुराचं पाणी शेतात आणि गोठ्यात शिरलं, की हे सगळं एकत्र मिसळतं.

उसाचं आणि लेप्टोचं हे नातं जगाला नवं नाही. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ऊसतोड मजुरांमध्ये या आजाराची साथ आली होती. उंदीर पळवून लावण्यासाठी तोडणीआधी ऊस जाळू द्या, ही मागणी घेऊन तिथल्या मजुरांनी संप केला होता. त्या काळी डॉक्सिसायक्लिन नव्हतंच.

लेप्टोची लक्षणं साधारण ५ ते १४ दिवसांत दिसू लागतात. थंडी वाजून ताप येतो, डोकं दुखतं, डोळे लाल होतात आणि अंग दुखतं. पायाच्या पोटऱ्या विशेष दुखतात. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण काहींना कावीळ होते, लघवी कमी होते, फुप्फुसात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात.

आजार सौम्य असताना डॉक्सिसायक्लिन सुरू झालं तर तो पुढे वाढायची शक्यता कमी होते. डॉक्टर साधारणपणे सात दिवसांचा कोर्स देतात. आजार गंभीर झाला की फक्त गोळीवर भागत नाही. रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोनसारखी औषधं घ्यावी लागतात. काहींना डायलिसिसही लागतं.

पूर आला की सगळ्यांनीच ही गोळी घ्यायची का?

नाही. किती धोका होता, त्यावर ते ठरतं.

महाराष्ट्राने याचा मोठा धडा २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या प्रलयात घेतला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लाखो लोक तासन् तास कमरेइतक्या पाण्यातून चालले आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. पावसाळ्यात मुंबई महापालिका साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवायचं आवाहन करते.

पालिकेच्या सूचनांमध्ये धोक्याचे तीन गट आहेत:

- कमी धोका: पाण्यातून एकदाच चाललात आणि अंगावर जखम नाही. अशांना २०० मिलिग्रॅमचा एकच डोस.
- मध्यम धोका: पाण्यातून चाललात आणि जखम किंवा खरचटलेलं आहे. अशांना रोज २०० मिलिग्रॅम, तीन दिवस.
- जास्त धोका: पुन्हा पुन्हा पाण्यात उतरावं लागतं, उदाहरणार्थ सफाई कामगार आणि बचाव पथकं. अशांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, सहा आठवडे.

हे डोस प्रौढांसाठी आहेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे आहेत. गर्भवती महिला आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी याच सूचनांमध्ये ॲझिथ्रोमायसिनचा पर्याय दिलेला आहे.

गोळी घेतली म्हणजे कवच मिळालं का? यावर दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांवरचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांपैकी एकाला लेप्टो झाला. नुसती साधी गोळी घेणाऱ्यांपैकी २० जणांना झाला. दुसरा अभ्यास भारतातलाच, अंदमानातला. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कायम लेप्टोच्या छायेत राहणाऱ्या लोकांमध्ये ही गोळी संसर्ग रोखू शकली नाही. पण साथीत आजारी पडण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण तिने कमी केलं.

म्हणजे थोडे दिवस मोठा धोका असेल तर गोळीचा उपयोग होतो. वर्षभर शेतात राबणाऱ्याने वर्षभर गोळ्या खाणं हा मार्ग नाही. त्याच्यासाठी गमबूट, हातमोजे, जखमेवर पट्टी, गोठ्याची स्वच्छता आणि उंदरांचा बंदोबस्त हाच रोजचा बचाव आहे.

आणखी कोणत्या आजारांत ते दिलं जातं?

- स्क्रब टायफस: झुडपांतल्या आणि गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होतो. चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग दिसू शकतो. यावरचं पहिलं औषध डॉक्सिसायक्लिनच.
- ब्रुसेलोसिस: बाधित जनावरांपासून आणि न तापवलेल्या दुधातून होणारा, लांबत जाणारा ताप. यात दुसऱ्या औषधासोबत साधारण सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलं जातं. धारोष्ण दुधाची आवड असलेल्या कोल्हापूरकरांनी या आजाराचं नाव लक्षात ठेवलेलं बरं.
- मुरुम: मध्यम ते तीव्र मुरुमांवर त्वचारोगतज्ज्ञ ते ठरावीक काळासाठी देतात.
- श्वसनमार्गाचे काही जिवाणूजन्य संसर्ग आणि लैंगिक संबंधातून होणारे काही आजार.
- मलेरिया: मलेरियाच्या प्रदेशात जाणाऱ्या प्रवाशांना प्रतिबंधासाठी दिलं जातं.
- हत्तीरोग: या रोगाच्या कृमींच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूंना मारून ते कृमींनाच कमजोर करतं.

यादी मोठी आहे, म्हणून गोळी कशावरही चालते असा समज होतो. पण वरच्या प्रत्येक आजारात डोस वेगळा आहे आणि किती दिवस घ्यायची तेही वेगळं आहे. मुरुमांसाठी शेजाऱ्याला दिलेली पट्टी तुमच्या तापाला लागू पडत नाही.

दुष्परिणाम कोणते?

*पोटाचा त्रास.* मळमळ, उलटी आणि जुलाब हे सगळ्यात जास्त आढळतात. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते.

*अन्ननलिकेला जखम.* हा त्रास अनेकांना माहीतच नसतो. घोटभर पाण्यासोबत गोळी गिळून लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेतच अडकते आणि तिथे विरघळून भाजल्यासारखी जखम करते. मग छातीत जळजळ होते आणि गिळताना दुखतं. उपाय सोपा आहे. गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास झोपायचं नाही. दिवसभर भट्टीपुढे किंवा शेतात दमलेला माणूस गोळी घेऊन थेट अंथरुणावर पडतो, त्याने हे नक्की पाळावं.

*उन्हाचा चटका.* डॉक्सिसायक्लिनमुळे त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. एरवी सहज सोसणाऱ्या उन्हातही त्वचा लाल होते आणि भाजल्यासारखी होते. कोर्स सुरू असताना शेतात जावं लागलं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी किंवा डोक्याला टॉवेल हवाच.

*बुरशीचा संसर्ग.* अँटिबायोटिक शरीरातल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. त्यामुळे काहींना तोंडात किंवा योनीमार्गात बुरशीचा संसर्ग होतो.

*क्वचित होणारे पण गंभीर त्रास.* तीव्र डोकेदुखी आणि धूसर दिसणं हे मेंदूभोवतीचा दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. अंगावर पुरळ, ओठ-चेहऱ्याला सूज किंवा दम लागणं ही ॲलर्जी असू शकते. खूप पातळ किंवा रक्त पडणारे जुलाबही दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जावं.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

*गर्भवती महिला आणि लहान मुलं.* टेट्रासायक्लिन कुटुंबातली औषधं वाढत्या दातांमध्ये आणि हाडांमध्ये साठतात. त्यामुळे दातांवर कायमचे पिवळट-तपकिरी डाग पडू शकतात. म्हणून गर्भारपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध सहसा टाळतात. स्क्रब टायफससारख्या जिवावरच्या आजारात डॉक्टर लहान मुलांनाही थोड्या दिवसांसाठी ते देऊ शकतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा, पालकांचा किंवा औषध दुकानदाराचा नाही.

*आधीपासून औषधं घेणारे.* रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम याने वाढू शकतो. फिट्सवरच्या फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनमुळे डॉक्सिसायक्लिन शरीरात लवकर संपतं. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनसोबत ते घेतल्यास डोक्यातला दाब वाढायचा धोका असतो.

दुधासोबत गोळी घेतली तर चालते का?

अनेक घरांत 'औषध गरम पडू नये' म्हणून गोळी दुधासोबत देतात. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत हे टाळलेलं बरं. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि रक्तात जाणारं प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होऊ शकतं.

याहून मोठा अडथळा लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा, तसंच ॲसिडिटीवरच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या पातळ औषधांचा. मळमळतं म्हणून डॉक्सिसायक्लिनवर लगेच ॲसिडिटीचं औषध घेतलं, तर अँटिबायोटिकचा बराचसा भाग वाया जातो. दोन्हींमध्ये निदान दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं आणि किती ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मग ताप आला की दोन गोळ्या घेतल्या तर बिघडतं काय?

पहिला तोटा वेळेचा. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टो आणि स्क्रब टायफस हे सगळे सुरुवातीला सारखेच दिसतात. डेंग्यूला ही गोळी लागू पडत नाही. झालेला मलेरिया एकट्या या गोळीने बरा करायचा नसतो. आपण मात्र 'औषध चालू आहे' या समाधानात दोन-तीन दिवस घालवतो. लेप्टोमध्ये हेच दिवस सगळ्यात मोलाचे असतात. त्यातून सुरुवातीच्या दिवसांत लेप्टोची रक्तचाचणी निगेटिव्हही येऊ शकते. अशा वेळी तुम्ही कुठे काम करता, पुराच्या पाण्यात उतरला होता का, हे ऐकूनच डॉक्टर उपचार सुरू करतात.

दुसरा तोटा सगळ्यांचा आहे. गरज नसताना घेतलेल्या किंवा अर्धवट डोसात घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे औषधाला दाद न देणारे जिवाणू शिल्लक राहतात आणि तेच वाढतात. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२२ मध्ये डॉक्टरांनाही सांगितलं की सौम्य तापात आणि विषाणूजन्य ब्राँकायटिसमध्ये अँटिबायोटिक टाळा.

डॉक्सिसायक्लिन 'शेड्यूल एच' मधलं औषध आहे. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायला कायद्याने परवानगी नाही. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर 'हे स्वतःच्या मनाने घ्यायचं औषध नाही' असा तिचा अर्थ. आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये याच लाल रेघेची जनजागृती मोहीम सुरू केली होती.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगावं?

तपासणीच्या पाच मिनिटांत या गोष्टी आवर्जून सांगा:

- गेल्या महिन्याभरात पुराच्या पाण्यात, चिखलात, उसात किंवा गोठ्यात काम केलं का?
- हातापायांवर जखम किंवा अंगावर कुठे काळा डाग आहे का?
- ताप कधीपासून आहे? पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल आहेत का, लघवी कमी झाली आहे का?
- आधीच कोणती गोळी घेतली आहे का? घेतली असेल तर लपवू नका.
- गर्भधारणा, इतर आजार आणि रोजची औषधं.

कावीळ, धाप लागणं, खोकल्यातून रक्त येणं, लघवी कमी होणं किंवा भान हरपणं यांपैकी काहीही असेल, तर घरी थांबू नका. जवळच्या सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात तातडीने जा.

कोर्स डॉक्टरांनी सांगितला तेवढे दिवस पूर्ण करा. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. मुदत संपलेली गोळी वापरू नका. आणि पट्टीत दोन-चार गोळ्या उरल्याच, तर पुढच्या पावसाळ्यासाठी त्या डब्यात जपून ठेवू नका.